खडकापाशी टाकलेली ढेप

माझ्या साडूनं, प्रभाकरनं, मला फसवलं. आज अकोल्याच्या बाजारात भिजलेल्या सरकीच्या ढेपेचा आंबूस वास आला आणि पूर्णेकाठची ती सकाळ समोर उभी राहिली.

डोहात एकाच जागी रोज ढेपेचे गोळे टाकून मी मासे माणसाळवले होते. गळ घेऊन गेलो की प्रत्येक खेपेची नोंद वहीत करायचो. त्या दिवशी हात ढेपेनं माखलेले, म्हणून वही लिहायला प्रभाकरकडे दिली.

"भाऊ, गोळा नेमका कुठं टाकता? जांभळीखाली का खडकापाशी?"

"खडकापाशी. तुले काहून पाह्यजे एवढं?"

"लिहून राह्यलो ना बुवा! तुमचंच नाव होईन."

कोवळं ऊन पाण्यावर हलत होतं. बाजारात सौदा करताना कोणाचं न ऐकणारा मी, त्याच्या वळणदार अक्षरावर खूश झालो. तो पाण्याकडे बघतच नव्हता. जाळी उतरवायला काठ कुठं सपाट आहे ते बघत होता, हे आता कळतं. पुढच्याच आठवड्यात जाळेवाल्यांना घेऊन तो थेट खडकापाशी गेला आणि डोह रिकामा झाला.

प्रभाकर, सणावारी माझ्याच पंगतीला बसतोस. माझ्या भरवशावर काठाशी येणारे मासे तू जाळ्यात का घातलेस? सगळ्यांसमोर सांग.