अकरा वाजता मी विमानात होतो

भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्याला मी दुकानातून उठवून लावलेलं आहे. दिल्लीत माझा गलाईचा धंदा – जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं. कोणी काहीही सांगो, कस लावल्याशिवाय मानायचं नाही, ही सवय. तरीही हे लिहितोय...

गाव सातारा जिल्ह्यात, औंधजवळ. सहा वर्षांपूर्वी धाकट्या भावाच्या, संपतच्या लग्नाची बैठक होती. मुलीकडचे सांगलीचे. मानपानावरून मी ताणून धरलं. आबा सगळ्यांदेखत म्हणाले, "हा जनावरांचा बाजार न्हाई. गप बस."

मी उठलो आणि दिल्ली गाठली. त्यानंतर वडिलांशी बोललो नाही. चूक त्यांची, आधी त्यांनी बोलावं.

गेल्या वर्षी एकदा सकाळी सातला संपतचा फोन आला. "दादा, आबांचं काय खरं न्हाई. पानी पाजायला तू पायजेस. कवा पोचशील?" आमच्यात शेवटचं पाणी थोरल्यानं पाजायचं.

साडेनऊचं विमान, पुण्यापर्यंत दोन तास, पुढं गाडीनं चार. "चारपर्यंत थांबव त्यांना," मी म्हणालो. गिऱ्हाइकाला सांगावं तसं.

विमानात पाण्याची छोटी बाटली मिळाली. न उघडताच जॅकेटच्या खिशात टाकली. झोपलो नाही. सारखं घड्याळ बघत होतो.

चारला पोचलो. आबांना अंगणात आणून ठेवलं होतं. कोणी गळ्यात पडलं नाही, कोणी रडलं नाही. संपत म्हणाला, "कुठं गेलतास दादा? समदी खोळंबल्यात तुझ्यापायी."

"आत्ता येतोय मी."

"आरं, अकराला तूच पानी पाजलंस की," आत्या म्हणाली. "बुटासकट आत आलास. मी वाटी दिली तर घेतली न्हाईस. खिशातल्या बाटलीनं पाजलंस, आन् भाईर गेलास."

उशिरा कळवल्याचं झाकायला संपतनं हे रचलंय, असं वाटलं. मी त्याची कॉलर धरली, बोर्डिंग पास तोंडासमोर नाचवला. त्यानं तो नीट वाचला, घडी घालून माझ्या हातात दिला.

मग मी बाटली काढली. सील तुटलेलं. पाणी अर्धं. उलटी करून बघितली... गळत नव्हती.

अग्नी मीच दिला. काहीच वाटलं नाही. हात आपलं काम करत होते.

तिसऱ्या दिवशी राख सावडताना संपतनं हळूच विचारलं, "दादा, पानी पिल्यावर आबांनी तुला वडून जवळ घेतलं. कानात लय वेळ बोलत हुतं. काय म्हनलं रं?"

"मला माहीत नाही."

विमान वेळेवर उडालं, वेळेवर उतरलं, हे मी नंतर विचारून घेतलं. अकरा वाजता मी जमिनीवर नव्हतो. याच्यापुढं मला काही सांगता येत नाही.

संपत अजून फोनवर विचारतो. माझं उत्तर तेच. त्याला वाटतं, मी अजून ताणून धरलंय.