मुहूर्ताचा हिरा

दिवाळीच्या सुट्टीनंतर लाभपंचमीला सुरतेतले हिऱ्यांचे कारखाने उघडतात. परबतभाई शेठच्या कारखान्यात त्या दिवशी पहिल्या कच्च्या हिऱ्यावर कापायची रेघ ओढायचा मान दरवर्षी जुन्या कारागिराचा, जेरामभाईचा. डोळ्याला भिंग लावायचं, दगड फिरवून बघायचा आणि शाईची बारीक रेघ मारायची. मग शेठ पहिला पेढा त्याच्या हातात ठेवणार. हिरेवाल्यांच्या सगळ्या वराछा रस्त्यावर हे ठाऊक होतं.

यंदा उन्हाळ्यात एक नवं यंत्र आलं. दगड आत ठेवला की पडद्यावर त्याचं चित्र फिरतं आणि कुठे कापायचं तेही दिसतं. यंत्रावर बसशील का, असं शेठने आधी जेरामलाच विचारलं होतं. तो हसला होता. "शेठ, डबडं काय मला शिकवणार?"

पलीकडे हिरे निवडायच्या टेबलावर त्याची बायको होती, रसीला. ती म्हणाली, "मी बसू का?" बसली. चुकली, यंत्रवाल्या पोराला विचार विचार विचारलं, आणि नवरात्र येईतो एकटी चालवू लागली. घरी भाकरी थापता थापता तिची बोटं परातीच्या काठावर यंत्राच्या कळा दाबल्यासारखी हलत असायची. जेरामला ते बघवत नसे.

"जेरामभाई," लाभपंचमीच्या सकाळी शेठ म्हणाले, "यंदाचा मुहूर्त यंत्रावर करू. रसीलाबेन, या. आणि जेराम, तू दिवा लाव, बाबा."

कोणीतरी खाकरलं. जेरामने समईत तूप घातलं, वात सारखी केली. मग शेठच्या हातातली हिऱ्याची पुडी त्यानेच पुढे होऊन घेतली. दगड चिमट्याने उचलायचा, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? त्याने तो बोटांत धरला, अंगठ्याने हलकेच चोळला, आणि बायकोच्या पुढ्यात ठेवला. हिऱ्याला तूप कसं चिकटतं, एकदा लागलं की नुसतं पुसून सुटत नाही.

तिने तो यंत्रात ठेवला. पडद्यावर चित्र आलं. कडा फुगलेली, धूसर. रसीलाने क्षणभर बघितलं. मग जेरामच्या बोटांकडे बघितलं.

"शेठ, माझाच हात लागला तुपाचा. धुऊन आणते."

"घाई झाली वाटतं बेन!" शेठ हसले. मागून एकजण म्हणाला, "भाभी, यंत्राला पण पेढा चारताय का?" सगळे हसले.

हेच तर त्याला हवं होतं. मग तोंड कडू का झालं?

तिने दगड धुऊन आणला, ठेवला. यंत्राने दगडावर रेघ उमटवली. जेरामने भिंग लावून पाहिलं, चूक शोधली, परत पाहिलं. त्याने काढली असती त्यापेक्षा ती रेघ केसभर सरस होती.

पहिला पेढा रसीलाला मिळाला. तिने अर्धा त्याच्यापुढे धरला.

"मला गोड बंद आहे."

"कधीपासून?"

"आजपासून."

घरी जाताना ती स्कूटरवर मागे बसली होती. नाक्यावर गाडी थांबली तेव्हा तोच म्हणाला, "माझं नाव का नाही घेतलंस?"

"घेतलं असतं तर शेठने तुम्हाला दिव्याजवळही उभं केलं नसतं."

मागचा गाडीवाला हॉर्न वाजवू लागला. जेरामने गाडी हलवली नाही.

"उद्या माझ्या शेजारी बसा यंत्रावर," ती म्हणाली. "शिकवते. आधी हात धुऊन या."

दुसऱ्या दिवशी तो नळावर बराच वेळ साबण चोळत उभा होता. आत गेला तर तिने आपल्या खुर्चीशेजारी एक स्टूल ओढून ठेवलं होतं. खुर्चीपेक्षा ते बुटकं होतं. ते त्याला सगळ्यात आधी दिसलं. तरी तो बसला.