धुक्यात कोणी झाडलं?

तुमच्या सदरात लोक चकवा, हडळ, पिंपळावरचा मुंजा असलं काय काय लिहितात आणि मी ते वाचून नाक मुरडते. आधीच सांगते — माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. आम्ही ख्रिस्ती माणसं, भुताखेतांना आमच्यात मान नाही. त्यात मी तीस वर्षं शाळेत पोरींना शिकवलं की भीती वाटली तर जवळ जाऊन बघा. पण एक सकाळ अशी आहे, की तिच्या किती जवळ जाऊन बघितलं तरी काही हाती लागलं नाही. माझी मुलगी सारा म्हणाली, "आई, घरात किती वेळा सांगणार? लिहून टाक एकदा." म्हणून लिहिते.

मेहकरच्या अलीकडे दोन कोसांवर एक खेडं आहे, बुलढाणा जिल्ह्यातलं. नाव देत नाही, तिथं अजून आमची माणसं राहतात. तेव्हा आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला, सरकारी हुकूम नागपूरहून यायचे. गावाबाहेर आमची चार ख्रिस्ती घरं. तिथून पक्क्या सडकेपर्यंत मैलभर गाडीवाट. डाव्या हाताला कपाशी, उजव्या हाताला तूर, मध्ये एक कोरडा नाला आणि सडकेला लागलं की मोठी चिंच. दुसरा रस्ताच नव्हता.

सासूला मी मामी म्हणे. मामीला अक्षर येत नव्हतं, मी मात्र मिशनच्या बोर्डिंगात शिकलेली, तोऱ्यात असायची. हिवाळ्यात शेतांना कुंपण घालायला बाभळीच्या फांद्यांनी भरलेल्या गाड्या त्या वाटेनं जायच्या आणि काटे सांडत जायच्या. गाव सगळं अनवाणी. मामी रोज सकाळी खराटा घेऊन निघायची — एक दिवस नाल्यापर्यंत, दुसऱ्या दिवशी नाल्यापासून सडकेपर्यंत. आणि कोणाच्या पायात काटा मोडला की तो माणूस थेट आमच्या अंगणात! मामी त्याचा पाय मांडीवर घेऊन सुईनं काटा काढायची, वरून गरम बिब्याचा चटका द्यायची.

माझा मात्र जळफळाट व्हायचा. ज्या बाया आम्हाला गावच्या विहिरीवर चढू देत नव्हत्या, त्याच पाय पुढे करून बसायच्या आणि विटाळ झाला म्हणून घरी जाऊन आंघोळ करायच्या.

"मामी, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही हो?" मी एकदा तणतणले.

"अवं, काट्याले कुठी समजते पाय कोनाचा हाय थो?" मामी सुई पुसत म्हणाली. "आपल्या प्रभूनं तं चेल्यायचे पाय धुतले. आपल्याजवळ एवढं पानी कुठी हाय बाई? आपुन काटे काढू."

मी भांडी आपटत आत गेले.

नाताळाच्या तोंडावर मामी तापानं गेली. शेवटच्या दिवशी माझा हात धरून म्हणाली, "वाट झाडत जाजो वं पोरी."

"हो मामी," मी म्हटलं. हो म्हणायला काय लागतं? माती झाली, माणसं पांगली, आणि मी तो खराटा कोपऱ्यात उभा केला तो केलाच. मी काय गावाची झाडूवाली आहे का, असं मनात म्हटलं. तीन आठवडे त्याला हात लावला नाही.

त्या दिवशी मेहकरचा बाजार होता. सकाळी असं धुकं, की अंगणाचं कुंपण दिसेना. आमचे हे दुसऱ्या गावी मिशनशाळेत मास्तर, शनिवारीच यायचे. घरात मी आणि अकरा महिन्यांची सारा. आदल्या संध्याकाळी मी बोरं खाल्ली होती आणि बिया तशाच भुईवर टाकलेल्या. माझाच आळस, दुसऱ्या कोणाचा नाही. चुलीशी वाकले होते, तर मागून शिट्टीसारखा बारीक आवाज आला. वळून बघते तर सारा डोळे वटारून बसलेली, ओठ निळे पडत चाललेले. बी घशात अडकली होती. बोट घातलं, पाठीत थापटलं, उलटी धरली... काही केल्या निघेना. जेमतेम श्वास जात होता.

शेजारची अन्सा धावत आली. "सडकेवर पय! डाक्टरची दमणी चिचेखाली असन आज!"

खरंच होतं. बाजाराच्या दिवशी मिशनचे डॉक्टर बैलांच्या दमणीतून मेहकरला जाताना चिंचेखाली घटकाभर थांबायचे, मग निघून जायचे. मी सारेला उचललं आणि पळत सुटले. पायात काही घालायचं सुचलंही नाही.

अंगणाच्या टोकाला आठवलं... तीन आठवड्यांचे काटे. डोळे मिटून पहिलं पाऊल टाकलं.

काही टोचलं नाही. दुसरं टाकलं, दहावं टाकलं. खाली गार, मऊ फुफाटा, चाळलेल्या पिठासारखा. आणि मग समोर धुक्यात आवाज ऐकू आला. खर्र... खर्र... खर्र... कोणीतरी झाडत होतं.

"कोण आहे?" मी ओरडले. "बाजूला व्हा!"

आवाज तेवढाच पुढं, वीसेक पावलांवर. मी धावले की तोही पुढं सरके. नाल्यात धाप लागून क्षणभर थांबले, तर तोही थांबला. मी चढाला लागले, तो परत सुरू. धुळीत खराट्याचे ताजे फराटे दिसत होते, नुकतेच केस विंचरावेत तसे. झाडणाऱ्याचं पाऊल मात्र कुठं उमटलेलं नव्हतं.

आता खरं सांगते, हसायचं तर हसा. मला भीती वाटली नाही. दोन्ही बाजूंनी धुक्यात कपाशीची पांढरी बोंडं तेवढी तरंगत होती. सारेचा शिट्टीसारखा श्वास आणि तो खराटा, दोन्ही एका तालात चाललेले. मी जीव खाऊन पळत होते आणि तरी वाटत होतं की मी झोपेत सावकाश चालले आहे, कोणीतरी मला नेत आहे. मैल कधी संपला कळलं नाही.

डॉक्टर दमणीत चढतच होते. त्यांनी सारेला गुडघ्यावर आडवं घेतलं, लांब चिमटा घशात घातला. मी प्रार्थना करायची तर शब्द आठवेनात, नुसतं "मामी, मामी" म्हणत होते. बी बाहेर आली. सारेनं असा टाहो फोडला की झाडावरचे पोपट उडाले! पोटच्या पोरीच्या रडण्यानं मी इतकी आनंदले, असं पुन्हा कधी झालं नाही.

गाडीवान माझ्या पायांकडे बघत होता. "बाई, थ्या वाटेनं आल्या? अनवानी? काल सांजेले माह्या पायात तीन काटे मोडले तिथी!"

डॉक्टरांनी माझे तळवे बघितले. नुसती धूळ. एक ओरखडा नाही.

"कोणीतरी झाडत होतं पुढं," मी म्हटलं. गाडीवान नाल्यापर्यंत जाऊन आला. लंगडत आला. वाटेवर कोणी नव्हतं, म्हणाला.

डॉक्टरांनी सांगितलं की पोरीला दोन तास इथंच सावलीत बसवा, श्वास बघा, मग घरी न्या. ते गेले. मी बसून राहिले. धुकं विरलं, ऊन आलं. बाजाराला जाणारे चार-दोन जण नाल्याकडून जपून पावलं टाकत आले. गाडी मात्र एकही गेली नाही, हे मी शपथेवर सांगते. दुपारी सारेला घेऊन उठले आणि त्याच वाटेवर तिसऱ्या पावलाला काटा असा घुसला की मट्‌कन खालीच बसले.

सगळी वाट काट्यांनी भरलेली होती. ताजे नव्हेत, धुळीत मळलेले, चाकोरीत रुतलेले जुने काटे. खराट्याचा एक फराटा नाही.

पाळकसाहेबांना सांगितलं, ते म्हणाले देवदूत. आमचे हे म्हणाले, जिवाच्या धास्तीनं माणसाला काटा लागलेला कळत नाही. बरं, कळत नाही. पण रक्तही येत नाही? मी स्वतः चाळीस वर्षं उत्तर शोधते आहे, मला मिळालेलं नाही.

त्या दुपारी मात्र मी उत्तर शोधत नव्हते. मी वाटेत बसून पायातला काटा उपसत होते आणि हमसून हमसून रडत होते. मामीच्या मातीलाही मी इतकी रडले नव्हते. मरत्या माणसाशी मी खोटं बोलले होते, आणि माझी पोर माझ्या मांडीवर जिवंत होती.

मग डोळे पुसले. सारेला लुगड्याच्या पदरानं पाठीशी बांधलं, तुरीच्या वाळल्या काड्यांचा भारा केला आणि सडकेपासून घराकडे झाडत निघाले. कंबर मोडली. ऊन उतरलं तरी मी नाल्याशीच. बाजारातून परतणाऱ्या बाया मागून आल्या. त्यांतली एक म्हातारी डोक्यावरची पाटी सावरत थांबली.

"काऊन वं मास्तरीन, सासूचं काम धरलं काय?"

"हाव," मी म्हटलं. माझ्या तोंडून वऱ्हाडी आलेलं तिलाही नवल वाटलं असावं.

ती मी झाडलेल्या भागावरून चालत माझ्यामागं आली आणि मी पुढचं झाडेपर्यंत उभी राहिली.

त्या सकाळी ती वाट कोणी झाडली, मला आजही माहीत नाही. दुपारी कोणी झाडली, तेवढं माहीत आहे.