चाळीस हजाराचा आकडा

नातीच्या संगणकावर काल ताकीद उमटली, आकडा दिलेल्या जागेत मावत नाही. "आजोबा, तरी प्रोग्रॅम चालतो," ती म्हणाली. मला कोंडाबाई आठवल्या.

ऐंशीच्या दशकातल्या दुष्काळात तामलवाडीजवळच्या एका सहकारी संस्थेत बोअरचा पंप संगणकानं चालवायचं काम माझ्याकडं होतं. टाकी चाळीस हजार लिटरची. तेव्हाही हीच ताकीद आली आणि मी ती सोडून दिली. टाकीच्या क्षमतेचा न मावलेला आकडा उलटून उणे झाला; शून्य लिटरही त्याहून जास्तच, त्यामुळं संगणक रिकामी टाकी भरलेलीच समजला. पंप सुरू होईना.

"साहेब, पोरं तहानल्यात. म्या हिरीत उतरते," पाण्याच्या रांगेतल्या कोंडाबाई म्हणाल्या.

"थांबा मावशी, होतंय."

चूक सापडून पंप धडधडला, तेव्हा विहिरीत घसरून पडलेल्या कोंडाबाईंना लोक वर काढत होते. त्यांच्यात जीव नव्हता. टाकीत पाणी पडत राहिलं. रांगेतल्या कुणीच घागर उचलली नाही.