आप्पांच्या कानामागची गोचीड

आमच्या घरी ढेकूणसुद्धा मारत नाहीत, चिमटीत धरून बाहेर नेऊन सोडतात. जैनाचं घर. त्यामुळं गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, कानामागं वाटाण्याएवढी फुगलेली गोचीड दिसली, तेव्हा मी ती चिमट्यानं ओढून काढली, एरंडाच्या पानावर घेतली आणि अंगणात शेवग्याखाली अलगद ठेवून आले. वर मोठं पुण्य केल्यासारखा चहा टाकला.

चहा उकळेपर्यंत आप्पांची कॉलर लाल झाली होती.

मी कापूस दाबून धरला. काढला की पुन्हा रक्त झिरपायचं. आणि एकदम आठवलं, हृदयाची झडप बदलल्यापासून आप्पांना रक्त पातळ ठेवायची गोळी रोज चालू आहे.

‘काय न्हाय गं, मुंगी चावल्यागत बी वाटंना,’ आप्पा म्हणाले.

‘गप बसा वो तुम्ही!’ मी खेकसले. बापावर असं कधी ओरडले नव्हते.

निपाणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जखम दाबून धरली. म्हणाले, ‘गोचीड नुसती चावत नाही, थुंकी सोडते. त्या थुंकीनं चावलेलं कळत नाही आणि रक्तही गोठत नाही. गोठलं तर ती पिणार कशी? त्यात यांची गोळी. दोघींचं काम एकच.’ मग विचारलं, ‘गोचीड आणलीय का? तोंड आत तुटून राहिलंय का बघायचंय.’

‘सोडली.’

‘सोडली?’ डॉक्टर म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रक्त थांबायला अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात मी णमोकार मंत्र कितीदा सुरू केला देव जाणे, पुरा एकदाही झाला नाही. आप्पा गेले तर ते माझ्या हातानं, एवढंच डोक्यात होतं.

येताना रिक्षात आप्पांनी विचारलं, ‘कुठं सोडलीस गं तिला?’

‘शेवग्याखाली.’

‘आगं, तिथंच माझी खुर्ची असती की रोज!’

घरी आल्या आल्या मी शेवग्याखाली गुडघे टेकले आणि पडलेलं पान अन् पान उलटून बघितलं. एरंडाचं पान होतं. गोचीड नव्हती.

‘चप्पल कशाला गं?’ आप्पांनी मागून विचारलं.

तेव्हा कुठं मला कळलं, चप्पल माझ्या हातात होती.