हिरामात्सुंचा उलटा शिक्का

आमच्या सोया सॉसच्या कारखान्यात हिरामात्सु तोकुजींना सगळे 'मुके' म्हणत, अगदी तोंडावर म्हणत, आणि ते नुसती मान डोलवत. मी तिथं कचेरीत अठ्ठावीस वर्षं काढली. तेवढ्या वर्षांत ते माझ्याशी जे काही बोलले ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं, आणि त्यातही निम्मं 'बरं' आणि 'माफ करा' एवढंच.

सात भावंडांत ते थोरले, बेटाच्या पलीकडच्या कोळीवाड्यात वाढलेले. जेवताना जो बोलेल त्याचा मासा दुसरा पळवायचा, अशी त्यांच्या घरची रीत, असं त्यांचे कामावरचे जोडीदार ओबाता सांगत. खरं-खोटं देव जाणे. अठराव्या वर्षी ते कारखान्यात लागले आणि पुढं टाक्यांचे मुख्य झाले. लग्न केलं नाही. आई होती तोवर आईला सांभाळलं, ती गेल्यावर एकटेच राहिले.

एका जागी मात्र या मुक्या माणसाची टकळी बंद होत नसे. आमच्याकडे सोयाबीन आणि गव्हाचा घोळ मोठमोठ्या टाक्यांत वर्ष-दोन वर्षं आंबत पडतो. टाकी रिकामी झाली की माणसानं आत उतरून ती घासायची. तळाशी जी हवा साचून राहते ती दिसत नाही, आणि तिच्यात माणूस दोन श्वासांत आडवा होतो. म्हणून जुना नियम होता, एक खाली आणि एक वर. वरच्याच्या हातात दोर. त्यानं सारखं बोलत राहायचं, खालच्यानं उत्तर द्यायचं, आणि उत्तर आलं नाही की क्षणाचाही विचार न करता ओढायचं. खाली उतरायचे ओबाता कानिचि, कारण ते अंगानं बारीक. वर हिरामात्सु. वीस वर्षं हीच जोडी.

कागद घेऊन आवारातून जाताना मी मुद्दाम रेंगाळून ऐकत असे.

"कानिचि, काल काय जेवलास?"

"शेवया."

"आणि परवा?"

"शेवयाच की रे! या बेटावर दुसरं काय शिजतं?"

"वर कांद्याची पात होती का?"

"पात होती, आलं होतं, आणि तुझ्या नावानं शिव्या होत्या. गेल्या रविवारी आला नाहीस म्हणून बायको फणफणत होती!"

"तिला सांग, सर्दी झाली होती."

"तूच सांग! मी काय तुझा पोस्टमन आहे?"

असं तासन्‌तास चालायचं. हसू यायचं ऐकून. दोर धरलेला तो माणूस जेवणाच्या सुट्टीत आमच्यात येऊन बसला की पुन्हा तोंडाला कुलूप.

दर रविवारी ते ओबातांकडे जेवायला जात. ओबातांची बायको फुकुए हिला मी लहानपणापासून ओळखते, आमची गल्ली एकच. तोंडानं फटकळ, हातानं सढळ. "तोकुसान, मीठ कमी आहे का जास्त, एवढं तरी बोला हो," म्हणून ती तोकुजींच्या मागं लागायची. ते म्हणायचे, "बरं आहे." मग वाटी पुढं करायचे. त्या घरातल्या जेवणाखेरीज जगात त्यांचं स्वतःचं असं फार काही नव्हतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

मग मुख्य कचेरीनं कुरोइवा नावाचे नवे संचालक पाठवले. माणूस वाईट नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचे, सगळ्यांना नावानं हाक मारायचे. पण त्यांना घाई होती, आणि संघभावनेचं वेड होतं. आल्या आल्या त्यांनी 'संवाद महिना' जाहीर केला. ओसाकाहून एक बाई आल्या. त्यांनी आम्हाला गोल उभं केलं आणि लोकरीचा गुंडा हातात दिला. ज्याच्याकडे गुंडा फेकायचा त्याच्याबद्दल एक चांगलं वाक्य बोलायचं. हिरामात्सुंच्या हातात गुंडा आला आणि ते उभेच राहिले. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. बाई हसून हसून थकल्या. शेवटी ओबाताच ओरडले, "अहो, मनातल्या मनात माझं कौतुक चाललंय त्याचं, मला ऐकू येतंय! फेक रे इकडे!" सगळे पोट धरून हसले. महिनाअखेर भिंतीवर फलक लागला: 'मोकळेपणानं बोलू या.'

त्याच महिन्यात टाक्यांची गोष्ट निघाली. एक यंत्र आलं होतं, कमरेला लावायचं. हवा बिघडली की ते किंचाळतं. यंत्र आहे म्हटल्यावर वर दुसरा माणूस कशाला? एकानं उतरावं, दुसऱ्यानं बाटल्या भरायच्या विभागात जावं, तिथं माणसं कमी होती. सभेत कुरोइवांनी हे सगळं नीट मांडलं आणि विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?"

हिरामात्सुंनी घसा खाकरला. मी टिपणं घेत होते, मी वर पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. कुरोइवा थोडा वेळ थांबले, मग घड्याळाकडे बघून म्हणाले, "छान. म्हणजे सगळे एकमताचे."

नंतर त्या निर्णयाचा कागद फिरला. आमच्याकडे असा कागद टेबलावरून टेबलावर जातो आणि प्रत्येकजण आपल्या चौकटीत आपल्या आडनावाचा लाल शिक्का मारतो. धाकट्यानं शिक्का जरासा डावीकडे झुकवायचा, म्हणजे वरिष्ठाच्या शिक्क्यापुढं वाकल्यासारखा दिसतो. लहानसहान गोष्टी आहेत, पण कुणी चुकत नाही. आणि क्वचित कधी, फार क्वचित, एखादा शिक्का उलटा उमटतो. त्याचा अर्थ कुणी कुणाला शिकवत नाही. मला पटलेलं नाही, शिक्का माझ्याकडून मारून घेतलाय, असा तो अर्थ.

नऊ चौकटींत पाचवी हिरामात्सुंची होती. त्यांचं आडनाव डोक्यावर उभं होतं, शाई दाबून, ठसठशीत. चुकून पडलेला शिक्का असा नसतो.

त्यांच्यानंतर चौघांनी त्याच्या शेजारी आपापले शिक्के मारले. चौघांनीही तो पाहिला. कुणी विचारलं नाही. कागद कुरोइवांच्या टेबलावर गेला आणि त्यांनी मला बोलावलं.

"मिनोसान, हे काय? मुख्य कचेरीत जायचंय हे. नवा कागद करा आणि सगळ्यांचे शिक्के नीट घेऊन या."

"हो," मी म्हटलं.

मी नवा कागद टंकला. आठजणांनी न वाचता शिक्के मारले. हिरामात्सु चौदा नंबरच्या टाकीपाशी पंपाला वंगण घालत होते. इथं मी काय बोलले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं, आणि विसरता आलं असतं तर फार बरं झालं असतं. मी म्हटलं, "हिरामात्सुसान, मघाशी शिक्का चुकून उलटा पडला बघा. परत मारावा लागेल."

चुकून, म्हटलं मी. त्यांना संचालकांची बोलणी बसू नयेत म्हणून म्हटलं. मला वाटलं, मी किती समजूतदार!

त्यांनी फडक्याला हात पुसले. पुन्हा पुसले. मग माझ्याकडे पाहिलं.

"मिनोसान."

"काय?"

मी वाट पाहत होते हे खरं. पण एक पाय वळवून वाट पाहत होते, हेही तितकंच खरं. जेवणाच्या सुट्टीआधी मला काम उरकायचं होतं.

"शाई आहे का?" त्यांनी विचारलं.

शाई माझ्याजवळ होतीच. त्यांनी सरळ शिक्का मारला. जुना कागद मी कचेरीत येऊन चार तुकडे करून टोपलीत टाकला.

मार्चमध्ये एका सकाळी ओबाता एकटे नऊ नंबरच्या टाकीत उतरले. यंत्र त्यांच्या कमरेला होतं. ते बिघडलेलं नव्हतं. ते किंचाळलं, आणि पुढं कितीतरी वेळ किंचाळत राहिलं. पण आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं, आणि हिरामात्सु बाटल्यांच्या खणखणाटात उभे होते, तिथं शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. दहाच्या चहाला कानिचि दिसला नाही म्हणून तेच शोधायला गेले. त्यांनी तसंच आत उडी घेऊ नये म्हणून तिघांनी त्यांना धरून ठेवलं. त्या दिवशी साऱ्या कारखान्यानं त्यांचा आवाज ऐकला. ते ओबातांना जेवणाबद्दल विचारत होते. काल काय जेवलास, परवा काय जेवलास. मी कानांवर हात ठेवले.

चौकशीला सरकारी अधिकारी आले. फाईल उघडली, नऊ शिक्के सरळ. कुरोइवा म्हणाले, आणि त्यांच्या परीनं ते खोटं बोलत नव्हते, "टाक्यांच्या मुख्यांनीच मान्यता दिली होती." मी तेव्हा चहाचा ट्रे घेऊन त्या खोलीत होते.

"हा शिक्का तुमचा?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"हो."

"तुम्ही हरकत घेतली नव्हती?"

हिरामात्सुंनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, नजर टेबलावर ठेवली. टेबलापासून मी तीन पावलांवर होते. मी कप ठेवले, वाकले आणि बाहेर आले. माझ्याही अंगात एक हिरामात्सु आहे, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं. पण ती माझी मखलाशी होती. त्यांचं तोंड उघडत नसे. मी मात्र दिवसभर चुरूचुरू बोलणारी बाई.

ओबातांना जाऊन एकोणपन्नास दिवस झाले, त्या दिवसाचे विधी उरकले, आणि त्या संध्याकाळी हिरामात्सु फुकुएच्या दारात गेले. मी समोरच्या दुकानात होते. तिनं एकच विचारलं, "तोकुसान, तुम्ही शिक्का मारलात?"

"मारला."

"तुम्ही? त्यांना एकट्याला खाली सोडायला?"

"मारला," ते पुन्हा म्हणाले.

तिनं दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळूच सरकवलं. ते बराच वेळ बंद दारापुढं वाकून उभे होते.

त्यानंतर सात वर्षं ते नोकरीत राहिले, बाटल्यांवर. कुणी मुके म्हणून हाक मारायचं बंद झालं, कारण कुणी हाकच मारेना. रविवारी ते बंदरावर बसलेले दिसत, डब्यात विकतचा भात. पुढं पोटाचं दुखणं निघालं आणि तीन महिन्यांत गेले. अंत्यविधीला आम्ही आठजण होतो. फुकुए आली नाही.

त्याच आठवड्यात मी तिच्याकडे गेले. वाटलं, आता तरी सांगावं, तिच्या मनातला सल निघेल. गेलेल्या माणसाचं नाव धुऊन निघेल आणि माझं ओझं थोडं उतरेल. ती ओसरीवर पर्सिमॉनची तुरट फळं सोलत बसली होती, वाळत घालायला. मी सगळं सांगितलं. उलटा शिक्का, नवा कागद, टोपलीतले तुकडे.

तिचा सुरा थांबला नाही.

"किती शिक्के होते म्हणालात?"

"नऊ."

"त्या उलट्या शिक्क्यानंतर?"

"चार. आणि संचालक."

"सगळ्यांना दिसला?"

"दिसला."

"माझा माणूस रोज त्या सगळ्यांच्या समोर बसून जेवत होता," ती म्हणाली. "त्याला कुणी सांगितलं नाही. तोकुसाननी कागदाला सांगितलं, आणि कागद तुम्ही फाडलात." मग तिनं वर पाहिलं. "सात वर्षं मी त्यांच्या तोंडावर दार लावलं. सात वर्षं तुम्ही याच दारावरून बाजाराला जात होतात, मिनोसान. मुळे महाग झालेत म्हणून सांगत होतात मला."

मी म्हटलं, "मी शिक्का मारला नव्हता, फुकुएसान. मी फक्त कागद नेत होते."

बोलून गेले आणि माझे मलाच ते शब्द ऐकवेनात. मला रडू फुटलं. तिला नाही फुटलं. तिनं हातातलं फळ पुरतं सोललं, देठाला दोरी बांधली, खाली ठेवलं.

"अस्थी कुठं आहेत त्यांच्या?"

"देवळात. अजून थडग्यात ठेवायच्यात, त्यांच्या आईच्या शेजारी."

"कोण आहे तिथं त्यांच्यापाशी?"

"कुणी नाही."

ती उठली, हात धुतले, कमरेला बांधलेलं कामाचं फडकं सोडलं.

"मी जाऊन येते," ती म्हणाली. "तुम्ही येऊ नका."