खिसेवाले सर

चहा पूर्ण गार झाल्याशिवाय ते पीत नसत. खडूचे हात पँटला पुसत आणि मग पँट पांढरी कशी झाली म्हणून चकित होत. वर्गात शिरताना अडकलेल्या खिडकीला कोपराने एक धक्का देत. ती कधीच उघडली नाही. उत्तर चुकलं तर ‘चूक’ म्हणत नसत. ‘खिसा बघा,’ म्हणत.

टायरच्या दुकानावरच्या खोलीत ते मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवत. इंग्रजीत एका क्रियापदामागून दुसरं आलं, की दुसऱ्याच्या आधी ‘टू’ लावायचं की शेवटी ‘इंग’, ही सगळ्यांची कायमची डोकेदुखी. सरांनी त्यावर कोटाचा तोडगा काढला होता. एका कार्डावर एक क्रियापद. ‘टू’वाली उजव्या खिशात, ‘इंग’वाली डाव्या. दोन्ही चालतात पण अर्थ बदलतो, ती छातीवरच्या. सर शब्द विचारत, विद्यार्थ्याने खिसा सांगायचा. मग सर खरोखरच्या खिशातून कार्ड काढून दाखवत. कोट कायम फुगलेला.

त्याच वर्गात वाचन शिकवणारा मुलगा नुकताच साहित्याची पदवी घेऊन आला होता. सर त्याला कविराज म्हणत. त्याने आयुष्यात एक ओळ लिहिली नव्हती.

“काय कविराज, ‘एन्जॉय’नंतर काय?”

“‘इंग’. कानाला बरं वाटतं.”

“कानाचं काय घेऊन बसलात? कान परीक्षेला बसत नाही.”

मंगळवारी सर वर्गाला निघाले. वाटेत खडू घ्यायला थांबले. दुकानाच्या बाकावर बसले. उठले नाहीत.

गुरुवारी कविराज त्यांच्या घरी गेला. त्याला कार्डं हवी होती. शनिवारी सिस्टरची परीक्षा होती. सिस्टर म्हणजे वर्गातली नर्स. याच प्रश्नांवर दोनदा आपटलेली. या खेपेला पास झाली नाही तर परदेशातल्या इस्पितळातली तिची जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. सर तिची तयारी करून घेत होते. आता ते काम त्याच्या गळ्यात आलं होतं, आणि त्याच्याकडे फक्त कान होता.

कोट दोरीवर निथळत होता. खिसे बाहेर काढलेले.

“धुवायला टाकायचा होता रे,” काकू म्हणाल्या. त्यांनी त्याच्या हातात रबर लावलेला गठ्ठा ठेवला. “सगळी नीट लावून ठेवलीत. एपासून. यांच्या पसाऱ्यात तुला काय सापडलं असतं?”

त्याने वरची काही कार्डं पाहिली. एकाखाली एक, अक्षरवार. तिन्ही खिसे एक झाले होते.

“छान केलंत, काकू,” तो म्हणाला.

शुक्रवारी वर्गात त्याने गठ्ठा टेबलावर पसरला. “खिसे मला माहीत नाहीत,” त्याने सांगून टाकलं.

“त्यात काय एवढं?” पहिल्या बाकावरचा विद्यार्थी, टॅक्सीवाला, म्हणाला. “कोट तर आपण रोज बघत होतो. टाका एकेक.”

“‘डिसाइड’.”

“उजवा! त्या खिशाला भोक होतं. ‘डिसाइड’ दर वेळी अस्तरात.”

“आणि सर म्हणायचे, निर्णय असा पटकन हाती लागत नाही,” सिस्टर म्हणाली.

सगळे हसले. मग कुणी कुणाकडे बघितलं नाही.

“‘फिनिश’?”

“डावा. डावा हात घातला की चष्मा घसरायचा.”

कार्डांचे तीन ढीग होत गेले. कविराज नुसता शब्द वाचत होता. आपल्याला काही वाटत का नाही, असं त्याच्या मनात येत होतं. खालून टायरवर हातोडा मारल्याचा आवाज येत होता.

“‘स्टॉप’.”

“छातीवरचा,” सिस्टर म्हणाली.

“का?” त्याला खरंच माहीत नव्हतं.

“‘इंग’ लावलं तर खडू घेणं बंद केलं. ‘टू’ लावलं तर...” ती थांबली. “तर खडू घ्यायला थांबले.”

कुणी वहीत लिहिलं नाही. टॅक्सीवाल्याने पेनचं टोपण लावलं.

“येतंय मला,” सिस्टर हळूच म्हणाली. “छातीवरचे सगळे येतात. एक सोडून.”

शेवटचं कार्ड टेबलावर उरलं होतं. ‘ट्राय’.

“हा अर्धाच झाला,” ती म्हणाली. “‘दुसरं वाक्य उद्या,’ म्हणाले होते सर.”

कविराजने मागे वळून पाहिलं. सोमवारचा फळा कुणी पुसलाच नव्हता. वर सरांच्या तिरक्या अक्षरात ‘ट्राय’. त्याखाली एकचा आकडा आणि ‘टू’चं वाक्य: मी खिडकी उघडायचा खूप प्रयत्न केला. त्याखाली दोनचा आकडा. आकड्यापुढे टिंब.

त्याने खडू उचलला. वर्ग वाट बघत होता. टिंबापुढे काहीच नव्हतं.